टोचन

आमच्या घरात त्याला टोचनच म्हणत. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने दोर किंवा साखळी लावून ओढत न्यायची, याला पुण्यातल्या गॅरेजवाल्यांपासून आमच्या बाबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा एकच शब्द. तो इंग्रजी 'टो-चेन'चा मराठी अवतार आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर तो टोचण्यावरून आलाय अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर तो अर्थ मला आजही जास्त पटतो. टोचनचा एक नियम पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ओढणाऱ्या गाडीत एक माणूस आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीतही एक माणूस. मागच्यानं स्टिअरिंग सांभाळायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा, दोर ढिला पडू द्यायचा नाही. म्हणून बाबांनी जेव्हा जेवताना जाहीर केलं की आपण मोटरहोम घेतोय, त्यातच राहत राहत ऑकलंडहून वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला जायचं आणि आईची गाडी मागे टोचन लावून न्यायची, तेव्हा आईनं आमटीची वाटी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "आणि मागे कोण बसणार?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "इथे मागे बसायचंच नसतं. लोखंडी दांडा असतो, त्रिकोणी. पुढची वळली की मागची आपोआप वळते."

"आपोआप?"

"आपोआप. तू काळजी करू नकोस, मी आहे ना."

हे 'मी आहे ना' आमच्या घरातलं सगळ्यात महागात पडलेलं वाक्य. बाबा वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत, मला गणित शिकवताना आवाज चढायचा तेवढाच. पण ते विचारायचे नाहीत, कळवायचे. पुणं सोडायचं हेही त्यांनी असंच कळवलं होतं, व्हिसाचं सगळं झाल्यावर, मिठाईचा बॉक्स घेऊन येऊन. आई तेव्हा एका शाळेत शिकवत होती. ती शाळा तिनं सोडली आणि आठ वर्षांच्या मला घेऊन ती ऑकलंडमध्ये, बॉटनी डाउन्सच्या एका भाड्याच्या घरात आली, जिथे खिडक्यांना सकाळी आतून पाणी सुटायचं आणि दुपारभर रस्त्यावर एक माणूस दिसायचा नाही. बाबा सकाळी गाडी घेऊन जायचे ते संध्याकाळी उगवायचे. बस तासातून एकदा, तीही लहर आली तर. आई मला शाळेतून आणायला चालत यायची आणि वाटेतल्या डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, उगीचच दुधाची एखादी बाटली घ्यायची. नुसतं कोणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून, हे मला आता कळतं. आमच्या फ्रिजमध्ये कायम जास्तीचं दूध असायचं आणि आम्ही सारखी खीर खायचो.

मग आई गाडी शिकली. बाबांकडून शिकायला सुरुवात केली ती पहिल्याच राउंडअबाउटला संपली. ते घरी आले तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नंतर ती एका बाईंकडे शिकली, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली आणि एक छोटी, जुनी, लाल, गिअरची गाडी घेतली. सँडरिंगहॅमच्या मुख्य रस्त्यावर शोभाताईंचं फरसाणाचं दुकान होतं. आई तिथे आधी शनिवारी पुरणपोळ्या करायला जाऊ लागली, मग आठवड्यातून चार दिवस. तिथे ती 'मनीषाताई' होती. लोक लांबलांबून गाड्या काढून यायचे, रांगेत उभे राहायचे आणि विचारायचे, आज मनीषाताई आहेत ना? घरी परतताना तिच्या कपड्यांना वेलदोड्याचा आणि तुपाचा वास यायचा, आणि गाडी गॅरेजसमोर लावून ती लगेच उतरायची नाही. रेडिओवरचं गाणं संपेपर्यंत आत बसून राहायची. मी खिडकीतून बघायचे. घरात इतकी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नाही.

बाबांची नोकरी गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. इथे त्याला 'रिडंडंट' म्हणतात, म्हणजे माणूस वाईट नाही, फक्त नको आहे. बाबांनी तो शब्द काही दिवस उच्चारलाच नाही. मग अप्पर हटमध्ये त्यांच्या कॉलेजच्या एका मित्रानं कंपनीत काम आहे, ये, म्हणून सांगितलं आणि बाबांचा चेहरा उजळला. घर सोडायचं, मोटरहोममध्ये राहायचं, तिकडे बस्तान बसलं की घर बघायचं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. आईनं तिचं म्हणणं एकदाच मांडलं. "अरे सतीश, तू पुढे जा, काम पक्कं होतंय का बघ, आम्ही इथे थांबतो. शोभाताईंच्या दुकानामागे खोली आहे." बाबा म्हणाले, "कुटुंबानं एकत्र राहायचं असतं." त्यावर आईनं अट घातली: माझी गाडी येणार असेल तर मी येईन. बाबांना ती अट अगदीच सोपी वाटली.

त्या अटीमागचं तिनं मला सांगितलं ते कपड्यांच्या दोरीपाशी. वारा जोराचा होता, चादरी तोंडावर येत होत्या आणि ती तोंडात चिमटे धरून बोलत होती. "हे बघ ऋतू, मी शोभाताईंशी बोलून ठेवलंय. त्या महिनाभर माझी जागा ठेवणार आहेत. खोलीसुद्धा. तिकडे जाऊन बघते. नाही जमलं तर गाडीत बसायचं आणि आपण दोघी परत यायचं. एका दिवसाचा रस्ता आहे." मी म्हटलं, "अँड बाबा?" ती म्हणाली, "बाबांचं बाबा बघतील. मला आणखी एकदा खिडकीत बसून दिवस काढता यायचे नाहीत, ऋतू. वेड लागेल मला." चिमटे तोंडातून काढून तिनं ते एकेक करून डब्यात टाकले. "तुझ्या बाबांना यातलं बोलायचं नाही." मी बोलले नाही. मला त्या बेतात काही भयंकरही वाटलं नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची दोन दोन घरं होती, एक आईचं, एक बाबांचं. उलट मला मनातून आनंदच झाला होता, कारण माझ्या सगळ्या मैत्रिणी ऑकलंडला होत्या. तेव्हापासून त्या लाल गाडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ती मागे असेपर्यंत सगळं ठीक होतं.

मोटरहोम विकणारा केव्हिन नावाचा म्हातारा गोरा होता, थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. त्यानं आपल्या बायकोबरोबर अख्खा देश त्यात पालथा घातला होता आणि मागे नेहमी एक छोटी गाडी ओढली होती, म्हणजे मोटरहोम एका जागी लावून दूध-पाव आणायला छोटी काढता येते. आत एक शेगडी, बुटका फ्रिज, टेबल, मागच्या बाजूला काचेला लागून बाक. केव्हिननं बाबांना बाहेर नेऊन सगळं समजावलं. दांडा कुठे अडकवायचा, दोन्ही साखळ्या कशा फुलीसारख्या लावायच्या, दिव्यांची वायर कुठे जोडायची. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली. आणि चावी आत ठेवून एक घर फिरवायची, तिथेच राहू द्यायची, नाहीतर स्टिअरिंगला लॉक लागतं आणि पुढची चाकं वळत नाहीत. "ईझी," तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त. बाबांनी दोनदा मान हलवली. हे सगळं मला बाबांकडून फार नंतर कळलं. तेव्हा मी तिथे नव्हते, आईही नव्हती. ती आत शेगडीवर कुकर बसतो का ते बघत होती आणि मी फ्रिजच्या दारावर चिकटवलेले सगळ्या गावांचे मॅग्नेट वाचत होते. बाबांनी आम्हाला त्यातलं एकच वाक्य सांगितलं: "मागच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही." का, ते नाही सांगितलं. आईनं विचारलंही. "तुला काय करायचंय? मी आहे ना."

निघायच्या सकाळी बाबांनी मोटरहोमच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडला. आई म्हणाली, माझ्या गाडीच्या चाकांखालीपण ठेव. बाबा म्हणाले, अगं ती चालणार नाहीये, ओढली जाणार आहे. "चाकं जमिनीवर आहेत ना? फिरणार आहेत ना? मग ठेव." शेजारचे दोघं नवरा-बायको ड्राइव्हवेवर उभे राहून हे सगळं कौतुकानं बघत होते. त्यांनी विचारलं लिंबं कशासाठी, तर बाबा म्हणाले, "फॉर टायर्स," आणि त्यांना ते पूर्ण पटलं. घर रिकामं केलं होतं. मोटरहोममध्ये मावेना ते सगळं लाल गाडीत भरलं होतं: रजया, पितळी परात, आईचं पोळपाट-लाटणं, तिच्या साड्या, आणि लोणच्याच्या बरण्या. मोटरहोमला लोणच्याचा वास लागेल म्हणून बाबांनी त्या मागे ठेवायला लावल्या होत्या. निघताना आई मोटरहोमच्या अगदी मागच्या बाकावर बसली, काचेकडे तोंड करून.

त्या प्रवासाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. घर चालायला लागलं की काय काय वाजतं, हे घर स्थिर असताना कळत नाही. चमचे वाजत होते, कुकरची शिट्टी झाकणावर थरथरत होती, मसाल्याचा डबा प्रत्येक वळणाला कपाटात या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि बाबा पुढून ओरडायचे, काय पडलं? आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, बटाट्याची कोरडी भाजी, दही घातलेल्या दशम्या. मी खात होते, हिरवी कुरणं सरत होती, गाई सरत होत्या. आई काही खात नव्हती. ती मागच्या काचेतून तिच्या गाडीकडे बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा मलाही दिसलं: लाल गाडी आमच्यामागे हातभर अंतरावरून येत होती, ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि रस्ता वळला की तिचं स्टिअरिंग आपलं आपण फिरायचं, डावीकडे, मग उजवीकडे, मग परत मधे. मला ती गंमत वाटली. "सो क्रीपी!" मी म्हटलं. आई म्हणाली, "मला बघवत नाही, आणि नजरही हलत नाही."

टाउपोच्या तळ्याकाठी आम्ही जेवायला थांबलो. ऊन होतं, पाणी निळं, पलीकडे बर्फाचे डोंगर. बाबा खुशीत होते. त्यांनी घडीच्या खुर्च्या काढल्या, स्वतः पानं मांडली, आणि आईला म्हणाले, "मनी, लोणचं हवं बुवा." त्यांनी तिला कितीतरी दिवसांत मनी म्हटलं नव्हतं. आई उठून गेली. तिनं लाल गाडीचं दार उघडलं तर ते नुसतंच लावलेलं, कुलूप नाही. आणि आत चावी लटकत होती. हे सगळं तिनं नंतर सांगितलं. चावी लावलेली गाडी, तीही उघडी, तीही सगळा संसार भरलेली, आणि भोवती वीस अनोळखी गाड्या! पुण्याच्या बाईला यात एकच गोष्ट दिसू शकते: नवरा विसरला. तिचं अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं. बाबा घराच्या दाराला बाहेरून किल्ली तशीच ठेवून यायचे, चष्मा देवळात विसरायचे, मला एकदा वाचनालयात विसरले होते. आणि आई मागून एकेक गोळा करत यायची, न बोलता. तशी तिनं ही चावीही काढली. लोणच्याची बरणी घेतली, चारही दारांना कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली. बाबा खुशीत होते म्हणून तिनं त्यांना टोकलंही नाही. एरवी ती नक्की बोलली असती. मी ही गोष्ट मनात किती वेळा उलटसुलट केली आहे. त्या दोघांचं त्या दुपारी भांडण चालू असतं तर आमचं सगळं वेगळं झालं असतं.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "मागे काय बसतेस? पुढे ये. तळं पुढून मोठं दिसतं." आणि आई गेली. ऑकलंड सोडल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्या शेजारी बसली. मी टेबलाशी कानात गाणी लावून बसले. टाउपोपासून खाली टुरंगीपर्यंत रस्ता तळ्याच्या कडेनं जातो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खडक, आणि वळणंच वळणं. मोटरहोम जड चालतेय असं बाबा म्हणाले. चढ असेल, आई म्हणाली. मग मागून हॉर्न ऐकू आला. लांब, सलग. बाबा म्हणाले, "काय घाई आहे लेकाला! जा ना मग पुढे." परत हॉर्न. या देशात कोणी हॉर्न वाजवत नाही. वाजवलाच तर समजायचं की काहीतरी फार बिनसलंय. बाबांना इथे येऊन सहा वर्षं झाली होती, पण हॉर्न म्हणजे 'मी आलोय, बाजूला हो' यापलीकडे त्यांच्या कानाला काही शिकवता आलं नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली, अगदी लक्ष्मी रोडवर करावी तशी. मी कानातलं काढलं आणि मागच्या काचेशी गेले. मागे एक ट्रक दिवे उघडझाप करत होता. लाल गाडीच्या पुढच्या चाकांतून पांढरा धूर निघत होता. रस्ता डावीकडे वळत होता, आणि गाडीचं स्टिअरिंग मात्र जिथल्या तिथे होतं. ते आता फिरत नव्हतं.

"बाबा, स्मोक! स्टॉप, स्टॉप!" मी ओरडले. बाबांनी ब्रेक दाबला. एक वळण आणखी होतं. कडकड आवाज झाला, मोटरहोमला मागून हिसका बसला, सगळी कपाटं उघडली आणि मसाल्याचा डबा जमिनीवर आपटून हळद, तिखट, मोहरी सगळं पसरलं. मी बाकाला धरून उभी होते. दांडा एका बाजूनं गाडीच्या पत्र्यासकट उखडला होता. लाल गाडी साखळ्यांवर आडवी फिरली आणि तोंडानं खडकावर जाऊन बसली. इतक्या मोठ्या आवाजानंतर एकदम शांत झालं. फक्त आतल्या परातीचा गोल गोल फिरण्याचा आवाज येत होता. कोणाला खरचटलंही नाही. लोक नंतर सगळे हेच म्हणाले, नशीब, कोणाला लागलं नाही. आईही मान हलवून हो म्हणायची.

ट्रकवाल्यानं फोन करून टुरंगीहून टो-ट्रक मागवला. ट्रक घेऊन आलेला माणूस उंचापुरा माओरी होता, हेमी नाव. "किया ओरा, फानो," म्हणजे काय मंडळी, बरे आहात ना, असं म्हणून त्यानं आधी आम्हा तिघांकडे नीट पाहून घेतलं आणि मग गाडीकडे. वाकून चाकं बघितली, काचेतून आत डोकावला, आणि म्हणाला, स्टिअरिंग लॉक आहे, चावी कुठाय? बाबा म्हणाले, आत आहे. हेमी म्हणाला, नाही, आत नाही. "असं कसं? मी स्वतः ठेवलीये," बाबा म्हणाले, मराठीत, आणि स्वतः जाऊन काचेला हात लावून बघू लागले. आई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं पर्स उघडली आणि चावी काढून हेमीच्या हातावर ठेवली. "मला वाटलं तू विसरलास," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी चावीकडे बघितलं, मग आईकडे. ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडायला हवे होते. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं." आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून, "जाऊ दे मनी. गाडीच ती. आपण दुसरी घेऊ." हेमीनं साखळ्या सोडवल्या आणि गाडी मागे ओढली तेव्हा पुढचा सगळा भाग जमिनीवर ओघळला, खालून हिरवट पाणी वाहत रस्त्यावर आलं. "शी इज गॉन, सॉरी," तो म्हणाला. आई पाण्यातून चालत गेली आणि मागचं दार उघडून रजया काढायला लागली. मी मदतीला गेले. तिच्या बरण्या फुटल्या होत्या, साड्या तेलानं आणि खारानं भिजल्या होत्या, आणि ती त्या एकेक करून पिळत होती. रस्त्याच्या कडेला साड्या पिळणारी बाई बघून गाड्या हळू होत होत्या. मी हळूच विचारलं, "आई, आता?" ती म्हणाली, "आता काय?" मी म्हटलं, "दुसरी गाडी... बस असेल ना?" "बसनं कोणी संसार मोडून जातं का गं? तेवढं धैर्य नाही माझ्यात. गाडीत नुसतं बसायचं होतं आणि निघायचं होतं. तेवढंच जमलं असतं मला."

टुरंगीला आम्ही एका मोकळ्या जागी मोटरहोम लावली. बाबा गुडघ्यांवर बसून फरशीवरची हळद गोळा करत होते, आणि ती काही केल्या निघत नव्हती. आई म्हणाली, "तुझा मोबाइल दे." घरात तो एकच होता. बाबांनी दिला. आईनं नंबर लावला आणि तिथेच, त्यांच्यासमोर, टेबलाशी बसून बोलली. "शोभाताई, मनीषा. हो, टुरंगीपर्यंत आलोय... नाही, बरे आहोत सगळे. ती जागा, खोली, दुसऱ्या कोणाला देऊन टाका. नाही, महिनाभर थांबू नका. मी येत नाही आता." पलीकडून शोभाताई बराच वेळ बोलत होत्या. आई नुसतं हं, हं, करत होती. फोन बंद करून तिनं टेबलावर ठेवला.

बाबा अजून खाली बसले होते, हात पिवळे. त्यांनी वर न बघता विचारलं, "महिनाभर थांबली असतीस ना पण?"

"थांबले असते."

"मग गेली असतीस?"

"हो."

"ऋतूला घेऊन?"

"हो."

बाबा उठले. त्यांनी हात धुतले, शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं. म्हणाले, "आलं टाकू?" आई म्हणाली, "टाक." त्या दोघांनी या विषयावर पुन्हा कधी शब्द काढल्याचं मला आठवत नाही. मी तरी ऐकला नाही, आणि मोटरहोमच्या त्या डबीत न ऐकणं शक्यच नव्हतं.

अप्पर हटचं काम तीन-चार महिन्यांत संपलं. मित्र म्हणाला, माझ्या हातात काही नव्हतं रे, आणि ते खरंही असेल. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्या वर्षी हिवाळा लांबला. आम्ही तो हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोम भाड्यानं उभी करायच्या जागेत काढला, छतावर पाऊस, खिडक्यांना आतून पाणी, आणि अंघोळीला रांग. नंतर बाबा एका गोदामात लागले, आधी तात्पुरते म्हणून, मग तेच निवृत्तीपर्यंत. रेल्वेलाइनजवळ दोन खोल्यांचं घर मिळालं. बाबांनी आईसाठी दुसरी गाडी खरोखर घेतली, पांढरी, ऑटोमॅटिक. ती चार वर्षं दारात उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा दर रविवारी ती सुरू करायचे, दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करायचे. आई आतून खिडकीतून बघायची. मी एकदा चिडून म्हटलं, तू चालवत का नाहीस? ती म्हणाली, "कुठे जायचंय मला?" पुढे ती विकली. वेलिंग्टनला शिकायला आलेल्या एका तरुण मुलीनं ती घेतली, आणि आईनं तिला रुमाल आणि पेढे देऊन पाठवलं.

मी शिकायला म्हणून ऑकलंडला परत आले आणि इथलीच झाले. आता माझी चाळिशी उलटली आहे. माझी मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. मी त्यांच्या वयाची असताना तेच करायचे, त्यामुळे बोलायला तोंड नाही. शोभाताई कधीच्या गेल्या, दुकानात आता त्यांचा मुलगा असतो. गेल्या वर्षी बाबा गेले. शेवटी शेवटी ते आईला सारखं मनी, मनी म्हणायचे, आणि ती त्यांना मऊ भात भरवायची. चांगला संसार झाला त्यांचा, असं अप्पर हटची सगळी मराठी माणसं क्रियाकर्माला येऊन म्हणाली. मी ऐकून घेतलं.

सगळे गेल्यावर मी आईला म्हटलं, आता इथे एकटी कशाला राहतेस? माझ्याकडे चल. मागे खोली आहे, वेगळी, ऊन येतं. सँडरिंगहॅम अगदी दहा मिनिटांवर आहे, मी रोज नेईन तुला, हवं तेव्हा. मी गाडी घेऊनच आले होते. तिचं थोडकं सामान एका फेरीत मावलं असतं. आई बाबांचे शर्ट घडी करत होती, देऊन टाकायला. तिनं हातातली घडी पुरी केली, ती बाजूला ठेवली.

"तेव्हा मी जाणार होते, ऋतू," ती म्हणाली. "आता तू मला नेणार. नको."